ऑटो काढायचा कुणी?

दिवसा वीज द्या म्हणून आम्ही सांगोल्याच्या शेतकऱ्यांनी किती वर्षं बोंब मारली! आणि सौर प्रकल्पाची दिवसाची लाइट आली, तेव्हा पहिल्याच सकाळी आम्ही आमचीच डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जाळली. धन्य आमची!

झालं असं, की पूर्वी लाइट यायची रात्री-अपरात्री. म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाइट आली की मोटर आपोआप चालू, माणूस घरात घोरत. आता ती दिवसा येऊ लागली, तरी ऑटो काही कुणी काढला नाही. लाइट आली, सगळ्या मोटरी एका दमात उठल्या, आणि डीपीतून धूर.

दुसरी डीपी येईपर्यंत माझ्या डाळिंबाचे हाल झाले. फळं लिंबाएवढी, पानं वळायला लागलेली. टँकरनं किती पाजणार? नवरा गेल्यापासून बाग मीच बघते आणि लेकीचं कॉलेज त्याच बागेवर चाललंय. ती दुसरीही जळली असती, तर यंदाचा बहार गेलाच म्हणायचा.

नवी डीपी बसली. वायरमन म्हणाला, "ऑटो काढा, मोटरी एकामागनं एक लावा." सगळ्यांनी माना डोलावल्या, पण हलला कोण? "आदी त्यो काढू दे, मग मी." आपली मोटर उशिरा लागली तर शेजारी पाणी ओढून नेईल, ही भीती प्रत्येकाच्या पोटात.

माझं टाळकं सटकलं. लाइन अजून सोडली नव्हती. तरातरा विहिरीवर गेले, माझा ऑटो सोडवला आणि सगळ्यांसमोर डीपीखाली आपटला. "ह्यो घ्या माजा! आता कुनाची वाट बगताय?"

शेजारच्या रानातले आमचे चुलत सासरे मिशीत हसले. "सूनबाई, तुज्या एकीच्या ऑटोनं काय हुतंय?"

"काय बी हुत न्हाय, मामा. म्हनून तर तुमचा मागतीय की!"

लोक खदाखदा हसले, आणि मग एकेक जण उठला. ठरलं असं, की आपली मोटर लागली की पुढच्याला मिस्ड कॉल द्यायचा. उचलायचा नाही, रिंग वाजली की आपलं बटण दाबायचं. माझ्या आधी नंबर मामांचा. ते मात्र "बगतो" एवढंच म्हणून घरी गेले. मला रात्रभर त्यांचाच राग येत होता.

सकाळी लाइट आल्या आल्या मी त्यांच्या विहिरीकडे कान लावला. सामसूम. म्हणजे काढला की म्हाताऱ्यानं! लांब एक मोटर घरघरली, थोड्या वेळानं दुसरी, मग तिसरी. डीपी शांत होती.

माझा फोन वाजला. बटणाकडे हात नेला, पण रिंग काही थांबेना. उचलला.

"मामा, काय झालं? जळली का?"

"तुज्या तोंडाला काय हाड! माजी लावलीच न्हाय अजून. तुजी लाव आदी. त्या बागंकडं बगवत न्हाय मला."

बटण दाबलं. पाइप फुगला, आणि झाडांच्या बुडाशी पाणी ठिबकायला लागलं. मी तिथंच मटकन बसून पोटभर रडले.

मग डोळे पुसले आणि मामांना मिस्ड कॉल दिला.