फाईल दिल्लीत, फ्लेक्स लकडगंजात

पुकारा व्हायची वाट पाहत मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते आणि मोबाइलवर फ्लेक्सचं डिझाइन आलं. डावीकडे आमचे उमेदवार धनराजभाऊ, हात जोडून. उजवीकडे हायकोर्टाच्या न्यायमूर्ती रामटेके मॅडम. मध्ये सोनेरी अक्षरं : ‘नागपूरची लेक सुप्रीम कोर्टात! भाऊंच्या प्रयत्नांना यश!’ खाली मेसेज, ‘ओके असेल तर कळवा.’

‘छापू नका, मी येतेय,’ एवढं टाइप केलं तोवर पुकारा झाला.

मी निवडणुकीची वकील. उमेदवाराचा अर्ज, जाहिराती, पत्रकं कायद्यात बसतात का ते पाहायचं आणि आयोगाची नोटीस आलीच तर उत्तर द्यायचं, हे माझं काम. त्याआधी, मॅडम वकिली करायच्या तेव्हा, मी त्यांच्या चेंबरमध्ये ज्युनिअर होते. ड्राफ्टिंग त्यांनी शिकवलं, तेही चांगलं झापून झापून. त्या सुप्रीम कोर्टात जाव्यात असं मला स्वतःच्या कुठल्याही केसपेक्षा जास्त वाटत होतं.

पण त्या अजून गेल्या नव्हत्या. सुप्रीम कोर्टातले सगळ्यात ज्येष्ठ न्यायाधीश मिळून नावाची शिफारस करतात. त्यांना कॉलेजियम म्हणतात. मग फाईल सरकारकडे जाते आणि सरकारने होकार दिला की राष्ट्रपतींच्या सहीने नेमणूक होते. मॅडमची शिफारस झाली होती, सही बाकी होती. अशा वेळी त्या अमक्या पक्षाच्या आहेत असं दाखवणारा एक फोटो कुणी दिल्लीला पाठवला, तर फाईल लटकायला तेवढं पुरतं. मॅडमना फोन करायचीही सोय नव्हती. न्यायमूर्तींना वकिलाने असल्या कामासाठी फोन करायचा नसतो.

केस आटोपून मी थेट लकडगंजातलं प्रचार कार्यालय गाठलं.

“भाऊ, हे छापायचं नाही.”

“काहून? आचारसंहितेत बसत नाही?”

“मॅडमचं नुकसान होईल. नेमणूक अजून झालेली नाही.”

“टीव्हीवर तर दाखवून राहिले, वकीलबाई. अन् मी नाही लावलं तर समोरचा लावते. त्याले कोण अडवणार?”

भाऊंची कळमन्याच्या मार्केटात अडत आहे. म्हणजे शेतकऱ्याची संत्री लिलावात विकून द्यायची. कायदा सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी मार्केटातच शिरले.

“भाऊ, बोली चालू असताना एखाद्या व्यापाऱ्याने ढीग आपलाच म्हणून गाडीत भरायला घेतला तर?”

“असा कसा भरंल? बाकीचे बोंबलतील ना. सौदाच मोडते.”

“मॅडमच्या फाईलचं तसंच आहे.”

ही उपमा मॅडमना अजिबात आवडली नसती. पण भाऊंना ती पटली. मग कान खाजवत म्हणाले, “पण रविवारच्या सभेत मॅडमच्या घरच्यांचा सत्कार ठेवला आहे ना आपण. मॅडमचे भाऊ येतो म्हणाले स्टेजवर.”

आपल्याकडे हा रोगच आहे. निकाल लागायच्या आधी हार तयार असतो. मी भाऊंना त्यांच्याच गाडीत घातलं आणि आम्ही कामठीला गेलो.

मॅडमचे मोठे भाऊ जगदीशदादा दारातच भेटले. “जय भीम. या, बसा. आज घर लहान पडून राहिलं.” आत पाहते तो सोफ्यावर बोरकर सर, म्हणजे आमच्या समोरचे उमेदवार! मांडीवर शाल, श्रीफळ आणि शेजारी फोटोग्राफर. भाऊंना नाइलाजाने त्यांच्याच शेजारी बसावं लागलं.

मी सगळ्यांना सगळं सांगितलं. दादांचा चेहरा उतरला.

“म्हणजे बहिणीचा आनंदबी करू नाही का आमी?”

“करा ना दादा. घरात दणक्यात करा. स्टेजवर नको.”

दादा उठले. मग त्यांनी सरांच्या मांडीवरची शाल नीट घडी करून सरांच्याच हातात दिली. “ती शाळेत पहिली आली तवा कोणी शाल घेऊन नाही आलं, साहेब. आता तुमीबी थोडं थांबा.”

मला रडू आवरेना. सर मात्र बाणेदारपणे म्हणाले, “मी घरगुती नात्याने आलोय.”

“काय सर,” भाऊ म्हणाले, “बोली चालू असताना ढिगाले हात लावून राहिले तुमी. सौदा मोडंल ना.”

“आणि तुमचा फ्लेक्स?”

“रद्द. तुमचा?”

सरांनी चहाच्या कपात पाहिलं. “रद्द.”

मी दोघांनाही तिथेच आपापल्या प्रिंटरला फोन लावायला सांगितलं, स्पीकर ऑन करून. दोघांचा प्रिंटर एकच निघाला. तो बिचारा दोनदा ‘बरं साहेब’ म्हणाला. फोटोग्राफरने काढलेले फोटो मी समोर बसून पुसून घेतले.

मतदानापर्यंत एकाही खांबावर मॅडम दिसल्या नाहीत. मोजणीत भाऊ पडले, आणि चांगलेच पडले. त्याच आठवड्यात मॅडमच्या नेमणुकीवर सही झाली. शपथविधी आम्ही बार रूममध्ये मोबाइलवर पाहिला. आमच्या धंद्यात उमेदवार पडला की त्याचा वकील काही दिवस मान खाली घालून हिंडतो. मी पेढ्यांचा डबा घेऊन अख्ख्या कोर्टात हिंडले. पहिला पेढा त्यासाठी मुद्दाम कोर्टात आलेल्या भाऊंनी घेतला.

एक गोष्ट मात्र शिकले. दोन पुढाऱ्यांना एखादी गोष्ट करू नका असं सांगायचं असेल, तर वेगवेगळं सांगू नये. एकाच सोफ्यावर बसवून सांगावं.