सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातलं कार्ड

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी कार्डं दुरुस्त करतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शुभेच्छांची कार्डंच वाटली. त्या हसल्या. "तसली नव्हेत हो. गॅस गळला की बोंब मारणारी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कारखान्यात गॅस असेल तिथं सेन्सर बसवतात आणि प्रत्येकाची वायर नियंत्रण खोलीतल्या एकेका कार्डाला जोडतात. गॅस कळतो सेन्सरला, पण नुसता इशारा द्यायचा की भोंगा वाजवून गॅसच बंद करायचा, हे कार्ड ठरवतं. बिघडलेली कार्डं वहिनींच्या टेबलावर येतात. त्या भिंगाखाली धरून जळका भाग काढतात, नवा बसवतात.

त्यांचे सासरे, म्हणजे आमचे काका, रसायनांच्या कारखान्यात होते. त्या काळी तिथं अशी यंत्रं नव्हती. गळतीचा संशय आला की "नाकाला बोलवा" अशी हाक यायची. नाक म्हणजे काका. निवृत्त झाल्यावर दुपारचा चहा त्यांच्याकडे आला. काकूंचे गुडघे धरलेले, त्या पलंगावरच असत. काका चहा नेऊन देत, काकू त्याला नावं ठेवत आणि कप रिकामा करत.

मागच्या वर्षी आमच्या जिन्याला रंग लागला. वासानं सगळ्यांची डोकी चढली. काका मात्र म्हणाले, "कुठाय वास?" सगळ्यांना ती थट्टा वाटली. वहिनींना वाटली नाही.

पुढं एकदा शेगडीची कळ अर्धवट उघडी राहिलेली दादाला दिसली. दादा म्हणजे वहिनींचा नवरा. तो आवाज न चढवता एवढंच बोलला, "उद्यापासून बाबांनी शेगडीला हात लावायचा नाही." काका उठून गॅलरीत गेले. वहिनी कामावर जाताना काकूंसाठी थर्मासमध्ये चहा भरून ठेवायला लागल्या. काकू तो ओठाला लावून बाजूला सारत.

त्या सुमारास एका कारखान्यानं जुनी यंत्रणा मोडीत काढली. वहिनींनी साहेबांना विचारून त्यातलं एक चांगलं कार्ड घरी आणलं. सेन्सर लावला ओट्याखाली, फरशीपासून वीतभर वर, कारण स्वयंपाकाचा गॅस जड, तो खालीच साचतो. सिलिंडरच्या नळीला आपोआप मिटणारी झडप बसवली.

काका दारात उभे होते. "म्हणजे माझ्यावर पहारा."

"तुमच्यावर कशाला? गॅसवर," वहिनी म्हणाल्या. मग हातातलं काम न थांबवता विचारलं, "बाबा, वास कधीपासून येत नाही?"

काका दारातून आत आले. "कळलं तर तुला."

"रंगाच्या दिवशी."

"पोराला सांगू नकोस. या नाकावर घर चालवलं मी."

वहिनींनी मान डोलावली आणि चाचणीच्या गॅसची नळी त्यांच्या हातात दिली. काकांनी ती सेन्सरपाशी धरली, वहिनींनी कार्डावरचा बारीक स्क्रू फिरवून आकडा जुळवला. भोंगा वाजला तशा आतून काकू म्हणाल्या, "कुणाची गाडी सुटतेय रे?"

काकांचा चहा परत सुरू झाला. दादा कुरकुरला, पण नाही म्हणाला नाही.

नंतर एका दुपारी खरोखरच भोंगा वाजला. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि काका गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. मी वर धावले तर काका काकूंना काखेत हात घालून बाहेर आणत होते. खिडक्या त्यांनी सताड उघडल्या होत्या, एकाही बटणाला हात लावला नव्हता. दोघांना पायरीवर बसवून मी फोन केले. वहिनी आधी पोचल्या. आत जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "झडप मिटलीय. आता काही नाही."

दादा आला तो धापा टाकत. तो रागावेल असं आम्हाला वाटलं. पण काकाच आधी बोलले.

"खिडक्या उघडताना मी त्या गॅसमध्येच उभा होतो रे. नाकाला पत्ता नाही. वास येत नाही मला, कधीचाच."

दादा त्यांच्याशेजारी बसला. "मला का नाही सांगितलंत?"

"लहानपणी तू सगळ्यांना सांगत फिरायचास, माझ्या बाबांना वारासुद्धा फसवू शकत नाही म्हणून."

काकांच्या मुठीत कपड्यांचा एक चिमटा तसाच आवळलेला होता. दादानं त्यांची बोटं एकेक करून सोडवली, चिमटा खिशात टाकला आणि तो हात हातातच धरून ठेवला. "एवढी धावपळ करून आणलंत, आता घोटभर पाणी तरी द्या कुणी," काकू म्हणाल्या, तेव्हा सगळे हलले.

डॉक्टरांनी सांगितलं, वास काही परत येणार नाही. काकांनी ते मनाला लावून घेतलं नाही. लपवायचं ओझं उतरलं, तसे ते मोकळे झाले. आताशा कधी आमचं दार वाजवतात आणि दंड पुढं करून म्हणतात, "जरा हुंगून सांग बरं, हा सदरा आज चालेल का?"

मी खरं तेच सांगते.