छत्रीवाल्याचा पाय

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळी दहा ते दुपारी पाऊण. ठिकाण: काशीगावातली नवी व्यायामशाळा, हायवेच्या अंगाची. हजर: मी. माझा नवरा, पण तो गाडीत, कारण गाडी लावायला जागा नव्हती. तारोडीच्या मावशी, ज्या आमच्या इमारतीत वीस-बावीस वर्षं मासे घेऊन येतायत. व्यायामशाळेचा मॅनेजर. रांगेत शंभरेक माणसं, बहुतेक चाळिशीपुढचे पुरुष, पोटं आत ओढून उभे. आणि तो.

त्याचं नाव लिहीत नाही. मावशी त्याला छत्रीवाला म्हणतात, तेवढं पुरे. टीव्हीवरच्या परदेशी कुस्त्यांमध्ये तो दुष्ट होता. काळा कोट घालून, काळी छत्री घेऊन यायचा आणि समोरचा पाठमोरा झाला की छत्रीची मूठ त्याच्या मानेत घालायचा. आता निवृत्त झालाय आणि व्यायामशाळेच्या उद्घाटनाला सह्या द्यायला आला होता. नोंदणी फोनवरून करायची होती. मी दोघींची केली. टोकन चौसष्ट आणि पासष्ट.

मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. दूधवाल्याचे खाडे, टँकर किती वाजता आला, कुणाच्या घरी लग्नाला काय दिलं. त्यामुळे त्या दिवसाच्या वेळा मला मिनिटासकट सांगता येतात. आणि तरी तो दिवस आठवला की तो मी जागेपणी पाहिला की दुपारी डोळा लागला असताना, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

सुरुवात नोव्हेंबरात झाली. काशिमिऱ्याच्या सिग्नलला त्याचा फलक लागला होता. मावशी दारात बसून सुरमई कापत होत्या तेव्हा मी सहज म्हटलं, "मावशी, तुमचा छत्रीवाला येतोय आपल्याकडे."

त्यांचा कोयता थांबला. "तो जिता हाय?"

"आहे की. म्हातारा झालाय."

"न् पाय?"

"पायाचं काय?"

कोयता पुन्हा चालू झाला. सुरमईचे तुकडे नेहमीपेक्षा जाड पडले. दुसऱ्या दिवशी त्या पाटीशिवाय आल्या. इतक्या वर्षांत मावशी पाटीशिवाय आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. डोक्यावर काही नसलं की त्या बुटक्या दिसतात. चपला काढून आत आल्या, खुर्चीवर न बसता जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाय, त्याचा पाय मी मोडलाय."

आता मागचं सांगते. आम्ही मुंबईतून पेणकरपाड्याला राहायला आलो तेव्हा मुलगी वर्षाची होती आणि मी बिनपगारी रजेवर. इमारत नवी, शेजार नवा, नवरा रात्री आठला घरी. मावशी दुपारी दीडच्या सुमाराला, पाटी बरीचशी रिकामी झाली की पाणी प्यायला आमच्याकडे टेकायच्या. त्या वेळेला टीव्हीवर कुस्त्या लागायच्या. मला त्यातलं काय आवडायचं तर सुरुवातीला दाखवतात ती यादी: आज कोण, कोणाविरुद्ध, कितवा सामना. मावशींना मात्र माणसं आवडायची. पाटी दाराबाहेर, पाय पसरलेले, हातात पाण्याचा तांब्या, आणि तोंडाने चालू. "ए आंधल्या, मागं बघ. मागं उभा हाय तो मेला." मुलगी त्यांच्या मांडीवर झोपलेली. तिच्या जावळाला बोंबिलाचा वास यायचा आणि मी तो धुवायची नाही, हे माझ्या सासूबाईंना कधी सांगितलं नाही.

एका गुरुवारी छत्रीवाल्याने एका म्हाताऱ्या पैलवानाला मागून मारलं. तो म्हातारा मावशींचा लाडका. त्या उठल्या, टीव्हीपाशी गेल्या आणि दोन्ही हातांची बोटं त्याच्यावर कडाकड मोडली. "मोडल तुजा पाय. काठीशिवाय चालशील तर दर्याची आन."

पुढच्या गुरुवारी तो रिंगणाच्या दोरावरून उडी मारताना गुडघ्यावर पडला. स्ट्रेचर आलं. छत्री तिथेच राहिली. नंतर तो कित्येक महिने दिसलाच नाही.

हे मला ठाऊक होतं. मीही पाहिलं होतं. त्या दुपारनंतर मावशी आत बसायच्या बंद झाल्या, तेही लक्षात आलं होतं. दारातूनच पाणी घ्यायच्या, टीव्हीकडे पाठ करून. पण मी त्याचं कारण वेगळं धरलं होतं. त्याच आठवड्यात मी त्यांना पाटी जिन्यात खाली ठेवायला सांगितलं होतं, वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार होती म्हणून. मला वाटलं, तेच लागलं त्यांना. तेव्हाच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे: मावशींशी बोलणे. बोलले नाही. इतकी वर्षं आम्ही दोघी एका दाराच्या दोन बाजूंना, आपापली चूक धरून बसलो होतो.

"अहो, बोटं मोडून कुणाचा पाय मोडतो का?" मी म्हटलं.

"तुज्यानं न्हाय मोडत. तू शिकलेली." त्या शांतपणे म्हणाल्या. "मी त्या टायमाला नवऱ्याला समुद्रात घालवून बसलेली. माज्या तोंडात तवा जहर होतं. मला ठाव हाय ना काय होतं ते." मग म्हणाल्या, "मला त्याची दिष्ट काढायची हाय. माजीच लागलेली, मीच काढनार. नेशील का, ते सांग."

मी पेन घेतलं. जाडं मीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या. आणि ज्याची दृष्ट काढायची त्याच्या पायाखालची माती. ती तिथेच घ्यावी लागणार होती.

त्या रविवारी मावशी पहिल्या बसने भाईंदरला आल्या. आम्ही त्यांना बसथांब्यावरून गाडीत घेतलं. अंगावर लग्नकार्यात नेसायचं जांभळं लुगडं, कमरेला मीठ-मिरच्यांची पुडी. मिठागरांवर धुकं होतं, पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, आणि मधे मिठाचे ढीग कुणीतरी विसरून गेल्यासारखे. माझा नवरा आरशातून बघत म्हणाला, "मावशी, सही कशावर घेणार?"

"मला त्याची सही काय करायची हाय? मी काय बँक हाय?"

गाडी धुक्यातून चालली होती आणि आम्ही तिघं कुठल्यातरी लांबच्या लग्नाला निघालोय असं मला वाटत राहिलं.

व्यायामशाळेबाहेर रांग होती. आमच्या पुढच्या गृहस्थांनी काळी छत्री आणली होती, सही घ्यायला. मागे एकाच्या हातात जुन्या पत्त्यांचा जोड, प्रत्येक पत्त्यावर एक पैलवान, वजन, उंची. ते एकमेकांना जुने सामने सांगत होते, हळू आवाजात, देवळात बोलतात तसं. आतून गाण्याचा ठोका येत होता, नुसता ठोका, शब्द नाहीत. रांग सरकायची, थांबायची. ऊन वाढत होतं पण कुणाला घाई नव्हती. साडेअकरा वाजता मी नोंद केली: एकेचाळीस नंबर आत.

दारात मॅनेजरने नियम सांगितले. "एक आदमी, एक साइन, एक फोटो. तीस सेकंद. गिफ्ट अलाउड नहीं है." मावशींच्या कमरेकडे बघून म्हणाला, "मावशी, ये क्या है?"

"मसाला," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

आत सगळीकडे आरसे. त्यामुळे तो आधी आरशांत दिसला, पाच-सहा ठिकाणी, वेगवेगळ्या बाजूंनी, आणि मग खरा. टेबलामागे बसलेला. केस पांढरे, विरळ. खांद्यांवर कुणीतरी घातलेली शाल, टेबलावर नारळ, गळ्यात झेंडूचा हार. हात पावासारखे मऊ आणि फुगलेले. मोठाच होता, पण वितळत आल्यासारखा. खुर्चीला टेकवून एक काठी.

मावशींनी काठी बघितली आणि माझा दंड धरला. त्यांची बोटं बर्फात हात घातल्यासारखी गार होती.

आमचा नंबर आला. त्याने हसून फोटो पुढे ओढला, पेन उचललं. मावशी टेबलाला वळसा घालून थेट त्याच्याजवळ गेल्या आणि खाली वाकल्या. त्याला वाटलं पाया पडतायत. तो गडबडून "नो, नो" करत त्यांना उठवायला लागला. मावशी माती शोधत होत्या. खाली काळं रबर, पुसलेलं, स्वच्छ. त्यांनी दोनदा बोट फिरवलं, मग त्याचा बूट घोट्याशी धरून उचलला आणि तळव्याची धूळ चिमटीत घेतली.

"मावशी, आगे, आगे," मॅनेजर म्हणाला.

"गप ऱ्हा रे," मावशी म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या, पुडी मुठीत घेतली आणि त्याच्यावरून ओवाळायला लागल्या. कुणाकुणाची दृष्ट लागली असेल ती नावं पुटपुटत: आल्यागेल्याची, वाटेवरची, विमानातली, टीव्हीसमोर बसलेल्यांची. तिसऱ्या फेरीला फक्त "माजी. माजी. माजी."

तो हलला नाही. इतकं मोठं शरीर इतकं स्थिर मी पाहिलं नव्हतं. मान खाली घातली, डोळे मिटले, जणू कुणी त्याचे केस कापत होतं. आरशांतल्या सगळ्या मावशी सगळ्या पैलवानांवरून मूठ फिरवत होत्या. ठोका चालूच होता.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत, मोजक्या शब्दांत सांगितलं. कुठला सामना, मावशी काय बोलल्या, नंतर काय झालं, आज काय करतायत. बैठकीचा वृत्तांत वाचावा तसं.

तो माझ्याकडे झुकला आणि अगदी हळू म्हणाला की तो पाय मोडलाच नव्हता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, त्याला घरी राहायचं होतं, म्हणून स्ट्रेचर आणि सगळं आधी ठरवलेलं होतं. मुलगी झाली. आता तिचं लग्नही झालंय. काठी अलीकडची, कमरेच्या दुखण्यामुळे.

"काय म्हनतो?" मावशींनी विचारलं.

मी तोंड उघडलं. इतक्यात तो उठला. टेबलावर दोन्ही हात टेकवून, वेळ घेत. काठीकडे हात नेला आणि मागे घेतला. शाल खुर्चीवर टाकली. मग एक पाऊल टाकलं, थांबला, गुडघ्याकडे आश्चर्याने बघितलं. दुसरं पाऊल. तिसऱ्याला त्याने पाय जमिनीवर आपटला, असा की आरसे थरथरले. रांगेतून एकाने शिट्टी मारली आणि सगळे ओरडायला लागले. तो टेबलाभोवती एक पूर्ण फेरी चालला, काठीशिवाय, आणि मावशींसमोर येऊन त्याने हात छातीवर ठेवला.

मावशी रडत नव्हत्या. त्या कोळंबी निवडताना बघतात तशा त्याच्या पायाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "सुटला."

त्याने फोटोवर सही करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला. बाहेर पडताना मी काचेतून मागे बघितलं. तो खुर्चीत बसला होता, चेहरा पांढरा पडलेला, आणि मॅनेजर त्याच्या हातात काठी देत होता. मी मावशींच्या आणि काचेच्या मधे उभी राहिले.

गाडीत नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाला?"

"चालला," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. पुडी चुलीत टाकली होती. "खाट आलाच न्हाय गो. सात मिरच्या जळल्या न् एक शिंक न्हाय. म्हंजे केवडी लागलेली बघ." आवाज हलका होता, बाईने पाटी उतरवल्यावर असतो तसा. मिरच्या सादळलेल्या असतील, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "हो ना मावशी, केवढी."

आता त्या आत येऊन बसतात. पाय पसरून, तांब्या हातात घेऊन. तो फोटो त्यांच्या घरी कॅलेंडरशेजारी लावलाय. देवांशेजारी लावायला सून तयार झाली नाही. आणि जानेवारीपासून दर गुरुवारी त्यांची एकच मागणी आहे: ज्यात तो पडला तो सामना लाव. तेव्हा डोळे मिटून घेतले होते, आता बघायचाय, आता भ्या वाटत नाही.

तो सामना मला सापडलाय. एकटीने तीनदा पाहिला. पडण्याआधी तो खाली बघतो, जागा हेरतो, आणि पडताना गुडघ्याच्या आधी हात टेकवतो. एकदा दिसलं की लपत नाही, आणि मावशींची नजर माशाच्या कल्ल्यावरून दिवस ओळखणारी आहे. त्यांना कळलं तर इतक्या वर्षांचं ओझं फुकटचं होतं हे कळेल. शिवाय त्या रविवारी आपण काय सोडवून आलो, हा प्रश्न पडेल. पण न दाखवणं म्हणजे त्या दाराच्या आत येऊनही त्यांना बाहेर बसवल्यासारखं आहे, हेही मला समजतं.

परवा मी म्हटलं, टीव्ही बिघडलाय.

"मग मानूस बोलव," मावशी म्हणाल्या. "माज्या जावयाच्या वळखीचा हाय एक. गुरुवारी घेऊनच येते."

आज मंगळवार. वहीत लिहिलंय: मावशींना सामना दाखवणे, आधी खरं सांगणे. पुढे खूण केलेली नाही.