सात तक्रारींचा अर्ज

कापडी ससे शिवणाऱ्या मावशींना सारी वस्ती ‘ससेमावशी’ म्हणत असे, आणि त्या उपाधीचा त्यांना विद्यापीठाच्या पदवीइतका अभिमान होता. घराची मागील खोली हीच त्यांची कर्मभूमी. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीलगत कापसाची पोती. एके दिवशी मुलांच्या रुग्णालयाकडून चाळीस सशांची मागणी आली. रुग्णशय्येवरील लेकरांच्या उशाशी आपले ससे निजणार, या कल्पनेनेच मावशींचे मन भरून आले. अट एकच होती: सशामुळे कुणाला इजा झालीच, तर भरपाईची हमी देणारा दायित्व विमा महिनाअखेरपर्यंत हवा.

विम्याच्या अर्जात प्रश्न होता: ‘आपल्या उत्पादनामुळे यापूर्वी कुणास त्रास झाला आहे काय?’

“‘नाही’ लिहा वहिनी, आणि मोकळ्या व्हा,” नणंदबाई म्हणाल्या.

“अगं, पण झालाय ना!”

सत्याची इतकी चाड, की अर्जातली जागा पुरेना म्हणून मावशींनी दोन कागद जोडले. एका सशाची शेपूट धुण्यात सुटली होती. दुसऱ्याच्या रंगाने उशीचा अभ्रा गुलाबी झाला होता. एका मुलीने तर ससा घरी राहिला म्हणून शाळेत दोन तास आकांत मांडला होता. अशा एकंदर सात नोंदी झाल्या.

आठवड्याने कंपनीचे उत्तर आले: सात अपघात पाहता अर्ज स्थगित, निरीक्षक भेट देतील.

“घ्या! व्हा आणखी सत्यवादी!” नणंदबाईंनी कपाळावर हात मारला.

निरीक्षक आले ते गंभीर मुद्रेने, काखेत फाइल घेऊन. मागील खोलीच्या दारात मात्र ते थबकलेच. आडव्या दोरीला बारा ससे कानांनी टांगलेले, आणि प्रत्येकाच्या पायाला दोन किलोचे वजन.

“हे... काय चाललंय इथे?”

“परीक्षा,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “चोवीस तास कान टिकला तर पास. मुलं सशाला कानालाच धरून ओढतात हो, साहेब.”

“आणि शेपूट?”

“ती सुटली त्या दिवसापासून शेपटीचीही परीक्षा. रंग गेला तेव्हापासून कापड तीनदा उकळते. डोळेसुद्धा बटणांचे नाहीत, दोऱ्याने भरलेत. गिळायला काही मिळायलाच नको.”

“शाळेत रडलेली मुलगी?”

“तिला दप्तराच्या खिशात मावेल असा ससा करून दिला. दुसरा इलाज सुचला नाही.”

निरीक्षकांनी एक ससा उतरवला. कान एका हाताने ओढला, मग दोन्ही हातांनी, मग भिंतीला पाय लावून.

“साहेब, जपून!” नणंदबाई ओरडल्या. “तुमचा विमा आहे ना?”

साहेबांची गंभीर मुद्रा गळून पडली; हसता हसता ते पोत्यावरच बसले. “वीस वर्षं अर्ज वाचतोय, मावशी. जो तो ‘नाही’ लिहितो. एवढं खरं कुणी लिहितच नाही, म्हणून आमचं कार्यालय घाबरलं.” सातही नोंदींपुढे त्यांनी तिथल्या तिथे मावशींचे उपाय टिपून घेतले.

महिना संपायला तीन दिवस असताना विमापत्र हाती पडले, आणि चाळीस ससे रुग्णालयात रवाना झाले. दुसऱ्याच दिवशी परिचारिकेचा फोन आला.

“मावशी, आणखी एक हवा होता.”

“नवीन बाळ आलं का?”

“नाही हो. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक घेतलाय, आणि आता तो सोडायला तयार नाहीत.”