लांडगा कोण?

सातासमुद्रापलीकडे कुठंशी लढाई पेटली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. दर्यापूरजवळच्या एका गावात खुशालराव पाटलांनी घरातला जुना कापूस ऐन पावसाळ्यात अमरावतीच्या शेठकडे न्यायचं ठरवलं. कापूस पाटलांचा, बैलगाड्या गावाच्या, वेठीला धरलेल्या. हुकूम सुटला : पोळ्याचं तोरण तुटलं, की त्याच संध्याकाळी निघायचं.

वेठीच्या गाड्यांत एक चंद्रभानची. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो आपल्या बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळत बसला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," तो रीतीप्रमाणं त्यांना म्हणाला. पवळ्या बैलाच्या खांद्याला हात लागला आणि जनावर थरथरलं. जुवानं कातडं सोललं होतं. काळ्या चिखलात भरली गाडी ओढली, तर पवळ्या परत येणार नव्हता.

पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. तोरण तुटण्याआधी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणायचा मान चंद्रभानच्या घराचा. यंदा त्यानं झडतीत गोष्टच घातली. रानातल्या बैलांची राखण लांडग्याकडे. लांडगा म्हणतो, ओढा, नाहीतर वाघ येईल. बैल ओढतात. एखादा पडला, की लांडगा आधी रडतो, मग खातो. शेवटी एक म्हातारा बैल शिंगं रोखतो. कळप त्याच्यामागं उभा राहतो.

माणसांनी माना खाली घातल्या. पाटलांनी मात्र मांडीवर थाप मारली.

"वा रे चंद्रभान! म्हातारा बैल म्हंजे मीच, नाई का? अन् लांडगा कोन रे?"

चंद्रभाननं अमरावतीच्या शेठचं नाव घेतलं असतं, तर सुटला असता. त्याचा हात पवळ्याच्या झुलीवर होता.

"जो पोळ्याले बी बैल जुपते, थो."

पाटलांचं हसू गेलं. सारा गाव त्यांच्याकडे बघत होता.

"सगळ्याइच्या गाड्या परवा निघतीन," ते म्हणाले. "मी काई लांडगा नाई. पन याची गाडी आजच निघन. लय गोष्टी येते याले."

तोरण तुटलं. चंद्रभान घरी आला. बायको, गंगूबाई, पवळ्याला पुरणपोळी चारत होती. त्यानं गाडी बाहेर काढली.

तेवढ्यात शेजारचा सहदेव आला. सोबत त्याचा बैल, शिंगांना बेगड तसाच.

"पवळ्याले ठेव घरी. हा ने."

"पोळा हाये, सयदेव. पाप लागन."

"त लागू दे. अर्धं तुले, अर्धं मले. गोष्ट सांगतानी नाई भेला, अन् आता भेतं?"

 चंद्रभाननं जू उचललं. दुसरं टोक सहदेवनं आधीच धरलं होतं.