आईच्या मातीचं गाणं

मी जॅझ गाते आणि माझी गाणी स्वतः लिहिते. पुण्यातल्या हॉटेलांत लोक जेवत असतात, मी गात असते. याला माझी कारकीर्द म्हणतात. माझी गाणी नीट ऐकली ती फक्त श्रीरामपूरच्या घरी, आईने. शेवटच्या आजारात ती म्हणाली, "माझ्या मातीला तुझं ते कालव्याचं गाणं म्हण. पेटी कबरीत उतरायच्या आधी."

दफनाला चार पुढारी आले. आमच्याकडे कुणाचीही माती असो, माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतातच. पहिल्याने आईचं नाव चुकवलं, दुसऱ्याने पाटपाण्याचा प्रश्न मांडला. मी उठले, तेव्हा एक कार्यकर्ता हळूच म्हणाला, "ताई, आधी साहेबांना बोलू द्या. त्यांना अजून दोन मातींना जायचंय."

मी बसले. साहेब आईच्या त्यागावर बराच वेळ बोलले. ते तिला कधी भेटले नव्हते. ते निघाले तशी गर्दी पांगली. पाळकांनी घाईने प्रार्थना उरकली आणि पेटी खाली सोडली. माइकवाला वायर गुंडाळत होता.

मी तशीच गायला लागले. दोन ओळींनंतर फावड्यांच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. तिसरी ओळ मी म्हटली नाही.