ओलं गोणपाट

गारखेड्यात परवा एका हॉटेलात कुणीतरी गोटीसोडा फोडला आणि त्या आवाजासरशी मला खुलताबादची ती दुपार आठवली. तेव्हा मी थंड पेयांच्या एका कंपनीचा सेल्समन होतो; कंपनी दुकानदारांना फुकट फ्रीज द्यायची, पण त्यात दुसऱ्या कुणाची बाटली दिसता कामा नये, असा नियम. एका बाईंच्या दुकानात आमच्या काळ्या-नारिंगी बाटल्यांमागं गोटीसोडे दडवलेले सापडले. बाई म्हणाल्या, "राहू द्या साहेब, चाचांचं पोट हाय त्यावर." मी ऐकलं नाही, सगळे काढून बाहेर उन्हात पायरीवर ठेवले. तेवढ्यात घरीच सोडा भरणारे ते म्हातारे चाचा सायकलवरून नवा माल घेऊन आले. "बाहेर कुणी काढल्या?" त्यांनी विचारलं. फ्रीज जाईल या भीतीनं बाई गप्प राहिल्या, आणि मी म्हणालो, "बाईंनीच काढल्या, जागा नव्हती म्हणून." चाचांनी बाईंकडं एकदाच पाहिलं. मग सायकलवरचं ओलं गोणपाट त्या बाटल्यांवर पसरलं, एक सोडा अंगठ्यानं फोडून माझ्यापुढं धरला. "लई ऊन हाय बेटा, पी." मी तो कोमट सोडा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. पुढच्या खेपेला बाई एवढंच म्हणाल्या, "चाचा आता माझ्याशी बोलत नाय." मी फ्रीज उघडला आणि आमच्या बाटल्यांची नावं पुढं येतील अशा त्या एकेक नीट लावत बसलो. माझ्या घरच्या फ्रीजमध्येसुद्धा माझा हात अजून तेच करतो.